गटाच्या पडत्या काळात गटप्रमुखाने स्वतःला कसे सांभाळावे?



पिकावर कीड पडली, जमीन चोपण झाली किंवा विहिरीचे पाणी आटले तर काय उपाय करावेत, याची माहिती तुम्ही या पानांतून नेहमी वाचता. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. तुमच्यापैकी कित्येक जण शेतकरी गटाचे प्रमुख आहेत, कोणी विकास सोसायटीचे चेअरमन, कोणी पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष, तर कित्येक भगिनी बचत गटाच्या अध्यक्षा आहेत. हंगाम साधला की यश सर्वांचे असते आणि ते तसेच असावे. हंगाम फसला की मात्र बोटे एकाच माणसाकडे वळतात. लोकांची बोटे चार दिवसांनी खाली येतात. प्रमुखाचे स्वतःचे बोट मात्र स्वतःवर रोखलेलेच राहते. अशा वेळी त्याने गट कसा सांभाळावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याने स्वतःला कसे सांभाळावे, हे सहसा कोणी सांगत नाही. विस्तार कार्याच्या निमित्ताने गावोगाव फिरताना या बाबतीत जे पाहावयास मिळाले, त्या आधारे काही गोष्टी येथे मांडल्या आहेत.

खरीप २०२० मधील एक अनुभव

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनची काढणी चालू असतानाच पाऊस लागून राहिला, हे मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्यांना वेगळे सांगावयास नको. उभ्या पिकात शेंगांना कोंब फुटले, शेतातल्या गंजी भिजल्या. बियाण्यासाठी घेतलेल्या पिकाचीही तीच गत झाली. सोयाबीनच्या बियाण्याचे बाह्य आवरण पातळ आणि नाजूक असते, आणि अंकुर त्या आवरणाला अगदी लागून असतो. त्यामुळे ओलावा, उष्णता किंवा पोत्यांची आदळआपट यांपैकी काहीही त्याला सोसत नाही. परिणामी २०२० च्या जूनमध्ये अनेक जिल्ह्यांत पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही. कृषी विभागाकडे हजारो तक्रारी आल्या आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली.

मराठवाड्यातील एका गावात अठरा सभासदांचा एक गट आहे. गटप्रमुख साधारण पन्नाशीचे. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, आपणही येथे तेवढेच म्हणू. गटाने त्या वर्षी एकत्रित खरेदी करून ५४ एकरांसाठी ५४ पिशव्या बियाणे घेतले होते. वाण अण्णांनी ठरवला, दुकान अण्णांनी ठरवले आणि टेम्पोत बसून मालही तेच घेऊन आले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला, दोन दिवसांत सर्वांनी पेरणी उरकली. आठव्या दिवशी तासात रोप शोधावे लागत होते. काही शेतांत तिसरा हिस्सा उगवण होती, काहींत तीही नव्हती.

अण्णांनी यानंतर जे केले ते नीट लक्षात घ्यावे. दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी घरातल्या पाटल्या गहाण ठेवून त्यांनी ज्यांची परिस्थिती नाजूक होती अशा अकरा सभासदांसाठी पुन्हा बियाणे आणले आणि ‘दुकानदाराने बदलून दिले’ असे सांगितले. स्वतःच्या शेतात दुबार पेरणी करायला त्यांच्याजवळ पैसा उरला नाही. ती शेवटी झाली, १५ जुलै उलटून गेल्यावर. म्हणजे शिफारशीची वेळ टळल्यावर. पुढे त्यांनी पारावर बसणे सोडले, फोन बंद ठेवू लागले. दसऱ्याच्या सुमारास ते रात्रीचे जेवत नाहीत असे घरच्यांकडून कळले, आणि गटाची वही परत करायला ते एका सभासदाच्या दारात उभे होते.

वरवर पाहता हा फार मोठेपणा वाटतो. गावातल्या काहींनी तसे म्हटलेही. परंतु एक गोष्ट राहून गेली होती. बियाण्याच्या पावत्या, पिशव्यांची लेबले आणि थोडे उरलेले बियाणे हे सर्व अण्णांच्या घरी एका पोत्यात पडून होते. उगवण झाली नाही तर लगेच तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्यावी लागते. मग तालुका पातळीवरील समिती शेतावर येऊन पाहणी करते व पंचनामा होतो. शेत मोडून दुबार पेरणी झाल्यावर पाहायला काही उरत नाही. अण्णांनी ती तक्रार दिलीच नाही. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “चूक माझीच होती, मग तक्रार कुणाची करायची?”

सर्व दोष स्वतःच्या डोक्यावर घेण्यात अण्णांना प्रामाणिकपणा वाटत होता. त्या प्रामाणिकपणापायी सतरा सभासदांचा भरपाई मागण्याचा मार्ग बंद झाला. प्रमुखाने स्वतःला दिलेली शिक्षा कधीच त्याच्या एकट्यापुरती राहत नाही. ती गटालाही भोगावी लागते.

स्वतःविषयी करुणा म्हणजे काय?

करुणा हा शब्द आपल्याला नवा नाही. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना बौद्ध परंपरेत सांगितल्या आहेत आणि पतंजलींच्या योगसूत्रांतही त्या येतात. पण करुणा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुसऱ्याचे दुःख उभे राहते. ती स्वतःलाही लागू पडते, हे सहसा ध्यानात येत नाही. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून या विषयाचा शास्त्रीय अभ्यास मांडला. त्यांच्या मते स्वतःविषयीच्या करुणेची तीन अंगे आहेत. पहिले म्हणजे, अपयशात स्वतःला कठोर बोल लावण्याऐवजी ममतेने वागवणे. दुसरे, चुका आणि दुःख सर्वच माणसांच्या वाट्याला येतात, आपण त्यात एकटे नाही, याची जाणीव ठेवणे. तिसरे, जे वाटते आहे ते न दडपता, पण त्यात वाहूनही न जाता, शांतपणे पाहणे.

हे वाचून काही वाचक म्हणतील की ही शहरातल्या माणसांची चैन आहे. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण विचार करा. तुमच्या बैलाने ऐन पेरणीत पाय मुरगळून घेतला तर तुम्ही त्याला चाबकाने मारता का? जू उतरवता, पाय शेकता, दोन दिवस सावलीत बांधता. बैलावर उपकार म्हणून नव्हे, तर पुढचा हंगाम त्याच्याच खांद्यावर आहे म्हणून. हीच रीत स्वतःच्या बाबतीत आपण विसरतो.

अण्णांच्या बाबतीत हे काम गटातल्या सर्वांत वयस्क सभासदाने केले. वही परत करायला अण्णा त्यांच्याच दारात गेले होते. म्हाताऱ्यांनी वही हातात घेतली नाही. त्यांनी विचारले, “अण्णा, ह्येच बी माझ्या पोरानं आणलं असतं अन् उगवलं नसतं, तर तुम्ही त्याला काय म्हणले असते?”

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणलो असतो, लेकरा, औंदा समद्यांचंच असं झालंय. घरात बसू नको.”

“मग ते स्वतःला कवा म्हणणार?”

मानसशास्त्राच्या पुस्तकांत जो प्रश्न सांगितलेला असतो तो हाच. हाच प्रसंग आपल्या जवळच्या माणसावर आला असता तर आपण त्याला काय म्हटले असते? जे म्हटले असते ते कागदावर लिहावे आणि स्वतःला वाचून दाखवावे. लिहिणे संकोचाचे वाटत असेल तर बांधावरून चालताना मनात म्हणावे. ‘तू’ म्हणून म्हटले तरी चालेल. आपल्याकडे लहान लेकराला जसे बोलतो तसे.

दोन रकान्यांचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. नुसत्या मायेच्या शब्दांनी गट चालत नाही. मन थोडे निवले की लगेच हिशेबाला बसावे, आणि तो हिशेब एकट्याने मनात न करता वहीत करावा. पानावर मधोमध रेघ ओढावी. एका बाजूला ‘माझ्या हातात होते’ आणि दुसऱ्या बाजूला ‘माझ्या हातात नव्हते’ असे लिहावे. अण्णांनी हे दिवाळीनंतर त्या वयस्क सभासदासमोर बसून केले, मीही तेथे होतो.

हातात नव्हते त्या बाजूला प्रथम २०१९ चा काढणीच्या वेळचा पाऊस आला. पिशवीतले बियाणे कोठे पिकले, कोठे साठवले, गोदामात किती उंच थप्पी लावली, ट्रकमधून कसे उतरवले, यातले काहीही अण्णांच्या ताब्यात नव्हते. मार्च २०२० पासून टाळेबंदी होती, त्यामुळे हंगामापूर्वीच्या बैठका झाल्या नाहीत. पेरणीनंतर नऊ दिवस पाऊस उघडला, तोही त्यांच्या हातात नव्हता.

हातात होते त्या बाजूला अण्णांनी आधी लिहिले, ‘सगळेच’. ते खोडायला लावले. सगळेच माझे चुकले असे म्हणणारा मनुष्य आणि माझे काहीच चुकले नाही असे म्हणणारा मनुष्य, हे दोघेही हिशेब टाळतात. मला तर पहिला जास्त धोक्याचा वाटतो, कारण त्याला कोणी हटकत नाही. मग एकेक बाब निघाली. उगवणशक्ती तपासली नाही, हे त्यांच्या हातात होते. पुरेसा पाऊस होण्याआधी पेरणीची घाई केली. गटातील दोघांनी तिफण खोल लावली, ते दिसूनही अण्णा बोलले नाहीत. आणि तक्रार दिली नाही. चार ओळी झाल्या. अण्णा म्हणाले, “एवढंच?” एवढेच होते, आणि ते कमीही नव्हते. परंतु चार ओळी दुरुस्त करता येतात, ‘सगळेच’ दुरुस्त करता येत नाही.

या चारपैकी पहिल्या दोन ओळी प्रत्येक सोयाबीन उत्पादकाच्या कामाच्या आहेत म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. उगवणशक्ती घरी तपासणे अगदी सोपे आहे. गोणपाटाचा तुकडा भिजवून पसरावा. पोत्यातून काढलेल्या बियाण्यातील न निवडता घेतलेले १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत त्यावर मांडावेत. वर दुसरे ओले गोणपाट झाकून हळुवार गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडावे. सहाव्या-सातव्या दिवशी गुंडाळी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. असे तीन वेळा करून सरासरी काढल्यास अंदाज अधिक खरा येतो. ७० किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर एकरी ३० किलो ही नेहमीची मात्रा पुरते. त्याहून कमी असल्यास मात्रा वाढवावी. उदाहरणार्थ, ६० दाणे उगवल्यास एकरी ३५ किलो. फारच कमी उगवण असलेले बियाणे वापरूच नये. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफसा पाहून करावी आणि बी ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये. शिवाय पावती, लेबल, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावे.

येथे एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. त्या जूनमध्ये मला बऱ्याच शेतकऱ्यांचे फोन येत होते. पाऊस चांगला आहे, पेरू का, असे विचारत. तिघांना तरी मी ‘पेरा’ म्हटल्याचे मला आठवते. बियाणे तपासले का, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. त्या तिघांपैकी एकाचे उगवले नाही. पुढचे दोन महिने त्याचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येई आणि मी तो उचलत नसे. त्याला तर दुबार पेरणीनंतर तणनाशक कोणते वापरावे एवढेच विचारायचे होते. अण्णांच्या वहीत रेघ ओढताना माझ्याही मनात एक रेघ ओढली जात होती.

ही स्वतःला दिलेली सूट नव्हे काय?

ही शंका रास्त आहे आणि बहुतेक बैठकांत ती निघतेच. स्वतःला बोल लावला नाही तर मनुष्य ढिला पडेल, पुन्हा तीच चूक करील, असे आपल्याला लहानपणापासून वाटत आलेले असते. यावर कॅलिफोर्नियातील बर्कली येथे संशोधकांनी केलेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड परीक्षा दिली, त्यात बऱ्याच जणांना कमी गुण पडले. त्यांतील काहींना ‘परीक्षा अवघड होती, अनेकांना असेच जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका’ अशा आशयाचे सांगितले. काहींना तुम्ही हुशारच आहात असे सांगून धीर दिला आणि काहींना काहीच सांगितले नाही. मग दुसऱ्या परीक्षेच्या तयारीसाठी हवा तेवढा वेळ घ्यायला सांगितले. ज्यांना स्वतःशी ममतेने वागण्यास सांगितले होते त्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. म्हणजे ते ढिले पडले नाहीत. तुम्ही हुशारच आहात अशी स्तुती ऐकलेल्यांनाही तेवढी उमेद आली नाही, हे विशेष.

याचे कारण समजण्यास अवघड नाही. चुकीकडे पाहण्याचीच ज्याला भीती वाटते तो चुकीजवळ जात नाही. अण्णांनी पावत्यांचे पोते तीन महिने उघडले नव्हते ते आळसाने नव्हे. ते पोते दिसले की त्यांना कसेसेच होई.

मात्र करुणा आणि माफी यांत गल्लत करू नये. गटाचे पैसे वापरले, दुकानदाराकडून कमिशन घेतले आणि सभासदांपासून लपवले, अशा बाबी या लेखाच्या कक्षेत येत नाहीत. तेथे आधी पैसे परत करावेत.

सभासदांसमोर कसे बोलावे?

रकाने भरून झाले की ते सभासदांसमोर वाचून दाखवावेत. हे सर्वांत कठीण काम आहे आणि ते टाळण्याकडे मनाचा कल असतो. बैठक प्रमुखाच्या घरी घेऊ नये. देवळात, शाळेत किंवा पारावर घ्यावी, म्हणजे कोणाला चहापाण्याचा संकोच राहत नाही. आपल्या हातात होते त्या ओळी प्रथम वाचाव्यात, आणि आवाज न वाढवता, पण रडवेलेही न होता वाचाव्यात. ‘मी नालायक आहे, मला काढून टाका’ असे म्हणू नये. असे म्हटले की सभासदांना मुख्य प्रश्न बाजूला ठेवून प्रमुखाचे सांत्वन करावे लागते. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यावर हा उलटा भार पडतो. ‘उगवण तपासायला हवी होती, मी तपासली नाही, यापुढे माल वाटण्यापूर्वी तपासू’ एवढे पुरे. नंतर दुसरा रकाना वाचावा. तो मात्र लवकर वाचून संपवावा. तो लांबला की लोकांना सबबी सांगितल्यासारखे वाटते.

कोणी रागावून बोलेल. बोलू द्यावे. त्याचे पीक गेले आहे. त्या रागाला लगेच उत्तर देण्याची गरज नाही आणि तो राग घरी नेऊन रात्रभर उगाळण्याचीही गरज नाही. अण्णांच्या बैठकीत एक तरुण सभासद फार तोडून बोलला. त्याच बैठकीत पाटल्यांची गोष्ट बाहेर आली. अण्णांनी सांगितली नाही, त्यांच्या पत्नीने सांगितली. मग बराच वेळ कोणी काही बोलेना. अकरापैकी नऊ जणांनी सोयाबीन विकल्यावर बियाण्याचे पैसे आणून दिले. दोघांना जमले नाही, त्यांचे पुढच्या वर्षावर टाकले. तोडून बोललेला तरुण आता गटाच्या पावत्या सांभाळतो.

कर्ज काढून सर्वांचे नुकसान एकट्याने भरून देण्याविषयी थोडे स्पष्ट लिहितो. करू नये. मदत करायची तर सर्वांना सांगून, वहीत लिहून आणि आपले घर व आपली पेरणी शाबूत ठेवून करावी. गुपचूप केलेल्या मदतीची परतफेड कोणी करू शकत नाही, कारण ती कोणाला ठाऊकच नसते.

भगिनींसाठी

बचत गटाच्या अध्यक्षा असलेल्या भगिनींची अडचण याहून निराळी असते. बँकेचा हप्ता थकला की पहिला फोन त्यांना येतो, सभासद भगिनींची घरची भांडणे त्यांच्याच दारात येतात, आणि स्वतःच्या घरी ‘कोणी सांगितले होते पुढारीपण?’ हे ऐकावे लागते ते वेगळेच. चूक नसतानाही ‘माझेच चुकले’ म्हणून विषय मिटवण्याची सवय आपल्याकडे मुलींना लहानपणीच लावली जाते. अशा भगिनींनी दुसरा रकाना, म्हणजे हातात नसलेल्या गोष्टींचा, मुद्दाम सावकाश भरावा. तो भरताना एखादी विश्वासाची मैत्रीण जवळ असावी, कारण एकट्याने तो रिकामाच राहतो असा अनुभव आहे. थकलेल्या हप्त्यासाठी गटाच्या दोन-तीन सभासदांनी मिळून बँकेत जावे. अध्यक्षांनी एकटीने जाऊ नये.

शरीराकडे दुर्लक्ष करू नये

याविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण सर्वांना ठाऊक असते. फक्त कोणी करत नाही. संकटाच्या दिवसांत रात्रीचे जेवण चुकवू नये. फोन रात्री उशाशी ठेवू नये. उगवलेच नाही तर ते सकाळीही उगवलेले नसणार. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण पहाटे तीनला जाग येते आणि त्या वेळी मनात येणारे विचार चांगले नसतात. दिवसातून एकदा, हिशेबाविषयी एक अक्षरही न बोलता, कोणाच्या तरी सोबत बसावे. भजनी मंडळ असो, तालीम असो वा नातवंडे असोत.

झोप दोन-तीन आठवडे उडालेली असेल, अन्नावरची वासना गेली असेल, ‘माझ्यामुळेच सगळे, मी नसलेलाच बरा’ असे मनात येत असेल, तर तो स्वभावाचा दोष नव्हे. त्यावर उपचार असतात आणि ते घ्यावेत. टेलि-मानस या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे दिवस-रात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तो याच गरजेतून. घरातील माणसांनी अशा काळात कीटकनाशके घरात मोकळी ठेवू नयेत, कुलपात ठेवावीत आणि किल्ली त्या व्यक्तीकडे देऊ नये. अण्णांच्या पत्नीने ऑगस्टमध्येच फवारणीची औषधे भावाच्या घरी नेऊन ठेवली होती. अण्णांना त्यांनी ते कधी सांगितले नाही, आणि अण्णांनीही कधी विचारले नाही.

पुढील हंगाम

सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्यामुळे सरळ वाणाचे घरचे बियाणे तीन वर्षांपर्यंत वापरता येते. २०२१ साठी अण्णांच्या गटाने बाजारातून कमी आणि घरातून जास्त बियाणे काढायचे ठरवले. मे महिन्यात कोरोनाची दुसरी लाट चालू होती, एकत्र जमता येत नव्हते. म्हणून प्रत्येकाने आपापल्या घरी गोणपाटात १०० दाणे लावायचे आणि सातव्या दिवशी आकडा फोनवर कळवायचा असे ठरले. कोणाचे ८१ आले, कोणाचे ७४, कोणाचे ७८. अण्णांचे पीक उशिरा पेरलेले होते, २०२० च्या ऑक्टोबरच्या पावसातही सापडले होते. त्यांच्या गोणपाटात ५८ दाणे उगवले. तो आकडा त्यांनी सर्वांच्या आधी कळवला आणि ज्याचे ७८ आले होते त्या शेजाऱ्याला विचारले, “तुझ्याकडं दोन पोती जास्तीची निघतील का?”